घोंगडीखालचा दगड

१

बसवंतने दोरीची शेवटची गाठ सोडली, घोंगडी खाली सरकली आणि बंगल्याच्या आवारातल्या करंजाखाली जमलेली साठ-सत्तर माणसं एकदम पुढे झुकली.

घोंगडीखाली वीरगळ नव्हता. होती एक चप्पडी. बंगळूरच्या आसपास शेतांच्या कुंपणाला ग्रॅनाइटच्या ज्या उभ्या फरश्या लावतात त्यातलीच एक, कोरी, ओबडधोबड. डोक्याचा आकार गोल दिसावा म्हणून तिच्या वरच्या टोकाला गवताचा पेंढा नीट गुंडाळून बांधला होता.

बसवंतचा थोरला भाऊ मालूरला वारला, त्या दिवशी सुतक लागलं. या घराण्याची रीत अशी की सुतकात मूळपुरुषाच्या दगडाला, म्हणजे या वीरगळाला, हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बसवंतने स्वतः तो दगड घोंगडीत गुंडाळला होता. आज, मार्चातल्या त्या रविवारी, बाराव्या दिवशी त्याला न्हाऊ घालायचं, हळद लावायची आणि मग गावाने जेवायचं. हळदीच्या पाण्याचं मडकं बसवंतच्या हातात तसंच राहिलं.

"विकला! ह्यानंच विकला!" मागून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, आणि मग सगळेच ओरडू लागले.

ओरडायला कारण होतं. महिन्यापूर्वी बंगल्याच्या फाटकावर 'ऐतिहासिक बंगला, चौदा एकर जमिनीसह विकणे आहे' अशी पाटी लागली, तेव्हा बंगल्याची राखण करणाऱ्या याच बसवंतने व्हरांड्यासमोर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "बंगला विका, नाहीतर जाळा. मी जाताना माझा दगड घेऊन जाणार!"

गर्दीतून वाट काढत श्यामलाबाई पुढे आल्या. वय सत्तावन्न, बांधा किरकोळ, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत विमानांचे ओतीव भाग तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. अडीचशे ग्रॅमच्या हातोडीने भागावर टकटक करायची आणि आवाजावरून आतली पोकळी ओळखायची, हे त्यांचं काम. स्वेच्छेने निवृत्त झाल्या तरी ती हातोडी पर्समध्ये असायचीच. होसकोटेपलीकडचा हा 'दोरे बंगला', म्हणजे गोऱ्या साहेबाचा बंगला, त्यांच्या बहिणीचं सासर. बहीण कस्तुरी आणि मेहुणे सूर्यकांत दोघंही आता नव्हते, पण चाळीस वर्षांचं येणं-जाणं होतं, आणि या बाराव्याला त्या मुद्दाम जे. पी. नगरहून तीन बस बदलून आल्या होत्या.

तपासाची सुरुवात जवळच्या माणसापासून करायची, ही त्यांची प्रयोगशाळेतली सवय. त्यांनी सरळ विचारलं, "बसवंत, खरं सांग. तू हलवलास?"

बसवंतने त्यांच्याकडे बघितलं. मग मडकं खाली ठेवलं आणि आपल्या खोलीकडे चालू लागला. कुणीतरी फेकलेली चप्पल त्याच्या पाठीवर बसली, तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही.

श्यामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वळल्या आणि चप्पल फेकणाऱ्याला कन्नडमध्ये असं काही बोलल्या की तो दोन पावलं मागे सरला. पण तोवर बंगल्यातून होसकोटेच्या पोलिसांना फोन गेलेला होता.

२

सब-इन्स्पेक्टर अरविंद बेळगावकडचा होता, मराठी समजणारा. त्याने आडवळणाने बोलण्यात वेळ घालवला नाही.

"मॅडम, जुना दगड आहे. परदेशात फार मागणी असते असल्या वस्तूंना. गाठी ह्याच्या, घोंगडी ह्याची, धमकी ह्याचीच. चार वाजेपर्यंत वाट बघतो. दगड मिळाला तर सरी, ठीक. नाही तर बसवंतला घेऊन जातो. आणि खरं सांगू? इथं ठेवला तर गावकरीच त्याची हाडं मोडतील. आत्ताच पंच सांगून गेले, ह्याच्या घरचं पाणी बंद म्हणून."

अकरा वाजले होते. सहासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला स्वतःच्या मूळपुरुषाचा चोर ठरवायला पाच तास उरले होते.

श्यामलाबाई करंजाखाली परत गेल्या आणि गुडघे टेकून चप्पडीच्या बुडाशी असलेला खड्डा पाहू लागल्या. वीरगळ चार फूट उंच, अडीच फूट रुंद, चारशे किलोंचा. असला दगड चोर उपटतो तेव्हा पहार घालून उपटतो. इथे मात्र खड्ड्याच्या कडांना पहारीचा ओरखडासुद्धा नव्हता. कुणीतरी थापीने चारही बाजूंची माती हळूहळू काढली होती. कधीकाळी दगडाला आधार म्हणून ठोकलेल्या दगडी चिपासुद्धा एकेक करून काढून घोंगडीच्या घेरातच बाजूला रचून ठेवल्या होत्या.

"घाई नव्हती ह्याला," त्या पुटपुटल्या. "आणि दगडाची काळजी होती."

दुसरी गोष्ट त्यांना सकाळी स्वतःच्या पायाने कळली होती. बंगल्याच्या फाटकाबाहेर पाण्याचा मोठा नळ टाकायला रस्ता खणला होता, महिना झाला तरी तसाच. त्यावर एक फळी टाकलेली. त्या फळीवरून येताना त्यांचा पाय मुरगळता मुरगळता राहिला होता. चुना, वाळू, सगळं सामान महिनाभर बायकांच्या डोक्यावरून याच फळीने येत होतं. जाण्यायेण्याला दुसरी वाट नाही. चारशे किलोंचा दगड उचलायला आठ माणसं लागणार, आणि आठ माणसं एका फळीवरून चालत नाहीत.

म्हणजे दगड गेलाच नव्हता. तो या चौदा एकरांतच कुठेतरी होता.

३

"मावशी, प्लीज," अवधूत म्हणाला. "टेक्निकली हा आपला प्रॉब्लेमच नाहीये."

अवधूत हा सूर्यकांतांचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शुक्रवारी उद्यान एक्सप्रेसने आलेला, आणि आल्यापासून फोनला चिकटलेला.

"उद्या ॲग्रीमेंट साइन होतंय. हेब्बाळची पार्टी आहे, सॉफ्टवेअरवाले. त्यांना गेस्ट हाउस करायचंय. बंगला आहे तसा ठेवणार, एक वीटही हलवणार नाहीत. कंडिशन एकच, बाहेरच्या कुणाचा जमिनीवर हक्क नको. आणि इथे दर सोमवारी अर्धं गाव नारळ घेऊन फाटकातून आत येतं, वर्षातून एकदा जत्रा! कुठला बायर हे घेईल? आता दगडच नाही म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर तुझं काम झालं."

"मी असं म्हटलं नाही."

"चेहऱ्यावर लिहिलंय तुझ्या. आणि ही पार्टी गेली तर?"

"मग दुसरे एक आहेत. ते प्लॉट पाडणार. बंगला डिमॉलिश." त्याने खांदे उडवले. "मला ओके आहे. शाल्मलीला नाही. तिचं तर तुला माहितीच आहे, तीन वर्षं इथे चुना मळत बसलीये."

शाल्मली त्याची धाकटी बहीण. जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. वटवाघळांनी भरलेला हा पडका बंगला तिने तीन वर्षांत उभा केला होता. चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं, सागवानी जिना, सगळं जुन्या पद्धतीने. विक्रीची पाटी लागली तेव्हा ती ढसाढसा रडली होती.

"बसवंतला चार वाजता नेणार आहेत, अवधूत. त्याने तुला खांद्यावर बसवून आंबे काढायला शिकवलंय."

"आय नो. इट्स सॅड," अवधूत म्हणाला, आणि फोन वाजला म्हणून आत गेला.

त्याच्या पाठीवर हातोडी फेकून मारावी असं श्यामलाबाईंना खरोखर वाटलं. पण तो शुक्रवारी आला होता, आणि दगड कधी हलवला हे अजून कळायचं होतं.

४

दलाल फत्तेसिंग व्हरांड्यात वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता. मूळचा संडूरकडचा, तीन पिढ्या बंगळुरात. मिशा भरघोस आणि तक्रारी त्याहून भरघोस.

"अक्का, माझ्यावर संशय घ्या, स्वल्पही वाईट वाटणार नाही. दलालावर संशय घ्यायचाच असतो. पण माझंच नुकसान केलंय ह्या लोकांनी! हे बघा."

त्याने पिशवीतून गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक काढलं. पहिल्याच पानावर बंगल्याचा दिवाणखाना. शेकोटीची जुनी दगडी कमान, आणि तिच्यापुढे आरशासारखी चमकणारी लाल ऑक्साईडची जमीन.

"फोटो जानेवारीतला. सुपर जमीन! पार्टी फोटो बघून भुलली. आणि मी पार्टीला घेऊन आलो, तर शेकोटीपुढे पाण्याचं तळं! चारी बाजूंनी मातीचा बांध घालून त्यात पाणी सोडलेलं. शाल्मलीअम्मा म्हणाली, लादी नवी आहे, सात दिवस पाण्यात भिजायला पाहिजे, कुणी पाय ठेवू नका. अहो, जानेवारीत झालेली जमीन मार्चात परत कशाला खणायची? पार्टी उंबऱ्यातूनच परत गेली! नशीब, सौदा मोडला नाही."

"कोणता दिवस होता?"

"मंगळवार. मागचा."

श्यामलाबाईंनी बोटांवर मोजलं. सुतकाचा सातवा दिवस. माहितीपत्रकातला फोटो त्यांनी पुन्हा एकदा निरखून पाहिला. मनात काहीतरी टोचायला लागलं होतं. पण कुणाचं नाव घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"हा कागद मी ठेवते," त्या म्हणाल्या.

५

बसवंतची बायको मथुरा निपाणीकडची. खोलीच्या दारात बसून ती नवऱ्याचं एक धोतर आणि दोन सदरे पिशवीत कोंबत होती. पोलीस नेणार म्हणून तयारी. बसवंत भिंतीकडे तोंड करून आत बसला होता.

"या अक्का," मथुरा म्हणाली. "बघा, कसं बक्षीस मिळालं. चाळीस वर्सं ह्या बंगल्याची राखण केली. सायेबांच्या घरचा एक चमचा इकडचा तिकडं झाला न्हाई. आन आता आम्ही चोर!"

"मथुरा, सुतकात तुम्ही दोघं इथून कधी बाहेर गेला होतात?"

"तिसऱ्या दिवशी. मालूरला, राख सावडायला. भावकी सगळी गेली हुती. दिवसभर."

"मग इथे कोण होतं?"

"शाल्मलीअम्मा. आन तिची ती सा-आठ माणसं, होसूरकडची, तमिळ. चप्पडी लावायला आणली हुती कुंपणाला. त्यांना ना कन्नड येत, ना मराठी. दुसऱ्या दिवशी गेलीबी."

"आणि दिवाणखान्याची जमीन?"

आतून बसवंत बोलला, सकाळपासून पहिल्यांदाच. "मीच केली. चौथ्या दिवशी. शाल्मलीअम्मा म्हणाली, ओल येतेय, खणून ठेवलंय, वरची लादी तू कर. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. मी म्हटलं, अम्मा, हा बंगल्यातला सगळ्यात उंच भाग, इथं ओल कधी नव्हती. ती म्हणाली, तू कर. मी केली."

"आन माझी दोन लुगडी घेऊन गेली ती येगळीच!" मथुराचा राग आता मिळेल त्या वाटेने बाहेर पडत होता. "जुनी दे म्हणली, धुऊन धुऊन मऊ झालेली. नव्यात खळ असती म्हणे. खिडक्या पुसायला पायजेत. एक हिरवं, एक जांभळं. खिडक्या तर वर्तमानपत्रानं पुसल्या, ह्या डोळ्यांनी बघितलं म्या!"

श्यामलाबाई उठल्या. त्या बंगल्याकडे वळल्या.

कस्तुरी गेली तेव्हा शाल्मली नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या श्यामलाबाईंनीच घातल्या होत्या. तिला पाढे, सायकल, चिडणं आणि चिडून खरं बोलणं, सगळं त्यांनीच शिकवलं होतं.

६

दिवाणखान्यात कुणी नव्हतं. खोबरेलाचा वास अजून येत होता. श्यामलाबाईंनी चपला बाहेर काढल्या, पर्समधून हातोडी काढली आणि दारापासून सुरुवात केली.

टक. टक. टक. खाली चुन्यात ठासलेली खडी, सव्वाशे वर्षांची. आवाज भरीव, बुटका. त्या वीतभर पुढे सरकत गेल्या. खिडकीखाली तोच आवाज, जिन्यापाशीही तोच.

शेकोटीच्या कमानीपुढे त्या पोचल्या.

टोक.

त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा तोच, मोकळा आवाज. लांबीत चार फूट, रुंदीत अडीच. आयुष्यात हजारो वेळा त्यांनी हा आवाज ऐकला होता, आणि दर वेळी तो भाग त्यांनी लाल खडूने फुली मारून नापास केला होता.

"पोकळ नाहीये ते," मागून आवाज आला. "वाळू आहे."

शाल्मली दारात उभी होती. चेहरा पांढरा, पण मान ताठ.

"चाळलेली, कोरडी वाळू. सगळ्या बाजूंनी. लुगड्यात गुंडाळलाय, चुन्याचा कणसुद्धा लागलेला नाही त्याला. पन्नास वर्षांनी कुणी काढला तरी जसाच्या तसा निघेल. मावशी, तो सेफ आहे! बाहेर ऊनपावसात झिजत होता. तेल, लोणी, हळद थापून थापून अक्षरं बुजवली होती त्यांनी. निदान आता..."

"त्यांनी?" श्यामलाबाई म्हणाल्या. "ते त्यांचं आहे शाल्मली! तेल थापतील नाहीतर लोणी!"

"आणि घर? हेब्बाळवाल्यांनी नाही म्हटलं तर बुलडोझर येणार. तीन वर्षं मी एकेक वीट हाताने बसवलीये. काय करायला हवं होतं मी?"

"लुगडी मागितलीस तेव्हाच तू पकडली गेलीस, कळतंय का तुला? विकणारा चोर दगड गोणपाटात गुंडाळतो. अवधूत असता तर त्याने विहिरीत ढकलला असता. त्या फत्तेसिंगने फोडून खडी केली असती. धुतलेलं मऊ सुती कापड, चाळलेली वाळू, थापीने काढलेली माती, बाजूला रचून ठेवलेल्या चिपा, जशाच्या तशा परत मारलेल्या गाठी... एवढी माया या घरात दगडांवर एकटी तूच करतेस. माणसांवर नाही!"

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसवंतला मी सोडवणारच होते. वकील बघून ठेवलाय. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दोन-तीन दिवस!" श्यामलाबाईंचा आवाज इतका चढला की अवधूत फोन टाकून धावत आला. "सहासष्ट वर्षांचा माणूस कोठडीत दोन-तीन दिवस! गावाने चप्पल मारली त्याला आज, तू खिडकीत उभी होतीस ना? बघितलीस ना?"

शाल्मलीने ती बघितली होती.

अवधूतला सगळं कळायला अर्धं मिनिट लागलं, आणि कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. याचाच श्यामलाबाईंना सगळ्यात जास्त संताप आला.

"वेट, वेट. म्हणजे दगड सेफ आहे. मग प्रॉब्लेम काय? राहू दे ना तिथेच! पोलिसांना मी सांगतो, आमची तक्रार नाही. बसवंतला काहीतरी देऊ, गावी पाठवू. उद्या साइन करू. बंगला वाचतो, शाल्मली वाचते, आणि कुणाला काही कळत नाही. मावशी, आईची मुलगी आहे ती. तू तिला पोलिसांच्या हातात देणार?"

भिंतीवरचं घड्याळ चारला वीस मिनिटं कमी दाखवत होतं. श्यामलाबाईंनी शाल्मलीकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, हिला आपण वाढवलं म्हणून ही आपल्यासारखी असेल.

"तू सांगतेस की मी सांगू?" त्यांनी विचारलं.

शाल्मलीने मान खाली घातली. "मला नाही जमणार," ती म्हणाली.

मग श्यामलाबाई व्हरांड्यात गेल्या आणि मोठ्याने हाक मारली, "बसवंत! पहार घेऊन ये. आणि गावाला बोलव. सगळ्या गावाला!"

७

गाव आलं. अरविंद आला. माणसं दिवाणखान्याच्या दारात, खिडक्यांत, जिन्यावर उभी राहिली. चपला कुणी काढल्या नाहीत आणि शाल्मलीने प्रथमच त्याबद्दल कुणाला हटकलं नाही.

श्यामलाबाईंनी आडपडदा न ठेवता कन्नडमध्ये सगळं सांगितलं. फळी, तिसरा दिवस, होसूरची माणसं, लुगडी, जमीन. भाचीचं नावही त्यांनी घेतलं.

बसवंत शेकोटीपुढे येऊन थांबला होता. पहार हातात, पण पाऊल पुढे पडेना. ज्या लाल चौकोनावर त्याने पाय ठेवायचा होता, त्याच्या काठाशी तो उभा होता.

"काल," तो हळूच म्हणाला. "काल मी इथं बसलो होतो, दिवसभर. खोबरेल लावून घासत होतो. शाल्मलीअम्मानं कॉफी आणून दिली. छान झाली म्हणाली." त्याने शाल्मलीकडे बघितलं. "अम्मा, तुम्हाला ठाऊक होतं. मी कुणाच्या छातीवर बसलोय ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही कॉफी दिली."

शाल्मली रडू लागली. कुणी तिची समजूत काढली नाही.

मग बसवंतने पहार उचलली. पहिला घाव घातला तेव्हा लाल जमिनीवर भेग सरकत खिडकीपर्यंत गेली. स्वतःच्या हाताने आरशासारखी केलेली ती लादी त्याने पंधरा मिनिटांत फोडली. कुणाला मदत करू दिली नाही. खाली फरशी निघाली, फरशीखाली वाळू, आणि वाळूतून हिरव्या लुगड्याचा काठ वर आला.

मथुराने तो ओळखला आणि तोंडावर पदर धरला. तिच्या ध्यानात आलं ते अरविंदच्याही आलं. उद्या-परवा चुकून हा दगड सापडला असता, तर चोराच्या बायकोचं लुगडं पुरावा म्हणून कोर्टात गेलं असतं. शाल्मलीने तसा डाव टाकला नव्हता. तिच्या मनातसुद्धा हा विचार आला नव्हता. नेमकं हेच श्यामलाबाईंना सहन होईना.

लुगड्याच्या घडीत एक काचेची बाटली होती, बुचावर मेण लावलेली. अरविंदने ती उघडली. आत टाइप केलेला एक कागद. वीरगळाची लांबी, रुंदी, स्थिती. कुठून काढला, कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने पुरला, भविष्यात कसा काढावा. खाली शाल्मलीची सही.

"सहीसुद्धा केलीय," अरविंद थक्क होऊन म्हणाला. "वीस वर्षांच्या नोकरीत असला चोर नाही बघितला."

"कामाची नोंद ठेवायची असते," शाल्मली हुंदके देत म्हणाली. "नेहमीच ठेवते मी."

त्या कागदावर बसवंतचं नाव कुठेही नव्हतं. लादी कुणी केली, तेसुद्धा नाही.

आठ माणसांनी वीरगळ उचलला. दगडातला वीर तलवार उगारून तसाच उभा होता, गायींच्या कळपापुढे. त्याला बाहेर नेलं, विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घातलं. ज्याने सकाळी चप्पल मारली होती तोच घागरी आणत होता, आणि बसवंत त्याच्या हातातून घागर घेत होता, पण त्याच्याकडे बघत नव्हता. शाल्मली अरविंदबरोबर जबाब द्यायला चालत गेली, फळीपलीकडे उभ्या असलेल्या पोलिसांच्या जीपपर्यंत. अवधूत मागून वकिलाचा नंबर फिरवत होता. फत्तेसिंगने हेब्बाळला फोन केला आणि तो पाटी काढायला लागला.

उन्हं कलली तेव्हा श्यामलाबाई करंजाखाली गेल्या. बसवंत चिपा परत जागेवर ठोकत होता.

"बसवंत, मिळाला बाबा तुझा दगड," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, तो हसेल, निदान हात जोडेल.

बसवंतने ठोकणं थांबवलं. "अक्का, तुम्ही फार केलंत. मी विसरणार नाही. पण सकाळी सगळ्यात आधी तुम्ही मलाच विचारलंत. 'तू हलवलास?' म्हणून. अवधूतअण्णा होते, दलाल होता, शाल्मलीअम्मा होती. पण विचारलंत मला."

दिवसभर ज्या रागाने श्यामलाबाईंना चालतं ठेवलं होतं, तो आता कुणावर काढायचा ते कळेना. जवळच्या माणसापासून सुरुवात करायची, ही माझी पद्धत आहे, असं त्या सांगणार होत्या. पण सकाळी त्यांच्या सगळ्यात जवळ शाल्मली उभी होती, खिडकीत, आणि तिला त्यांनी विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

बसवंतने मान हलवली. होय म्हणून.

"दिवाणखान्यातला खड्डा..." त्यांनी विचारलं. "बुजवशील?"

"नाही. सरी नाही ते. तो तसाच राहू दे." बसवंतने पुढची चिप उचलली. "बंगला जो कुणी घ्यायला येईल, त्याला आधी तो दाखवा."